भेंडीचं पान आधी उलटून बघा, मग पंप उचला

भाताची कापणी झाली की शहापूर-मुरबाडकडच्या अनेक शेतांत भेंडी उभी राहते. काही माल कल्याण-मुंबईच्या बाजारात जातो, काही परदेशात. ऊन तापलं की पानं पिवळी पडायला लागतात, आणि दुकानदार देईल ते औषध मारलं जातं. पैसे जातात, कीड तिथेच. ‘रस शोषणारी कीड’ हे नाव एक असलं तरी प्रत्येकीची पिण्याची रीत वेगळी आहे.

मावा घ्या. पानात साखरेचा रस वाहून नेणाऱ्या नळ्या असतात, त्यात तो आपली केसाहून बारीक सोंड घालतो. या रसात साखर भरपूर, पण अंग वाढवायला लागणारं नत्र थोडं. म्हणून मावा भरमसाट पितो आणि नको असलेली साखर चिकट थेंबांनी बाहेर टाकतो. त्यावर काळी बुरशी चढते, मुंग्या येतात. काकडी-दुधीच्या वेलावर मुंग्यांची रांग दिसली की समजा, वर मावा आहे. काकडीवरचा मोझॅक विषाणू तर तो काही सेकंदांच्या टोचणीत सोडतो. औषधाने मरेपर्यंत काम झालेलं असतं.

भेंडी-वांग्यावरचे तुडतुडे पेशी फोडून, लाळ सोडून पितात. पानाच्या कडा पिवळ्या होऊन वर वळतात, मग करपतात. खत कमी पडलं असं वाटून कुणी युरिया टाकतो आणि लुसलुशीत पानांवर तुडतुडे आणखी वाढतात.

मिरचीवरचे फुलकिडे एकाच जबड्याने पेशीला भोक पाडतात. पान वर वळतं. खाली वळत असेल तर बहुधा कोळी. तो आठ पायांचा, कीटक नव्हेच, त्यामुळे बरीचशी कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत.

भेंडीचं खरं नुकसान पांढरी माशी करते. ती पिते थोडं, पण हळद्याचा, म्हणजे यलो व्हेन मोझॅकचा विषाणू पसरवते. शिरा पिवळ्या पडलेलं झाड पुन्हा बरं होत नाही, विषाणूवर औषध नाही. सुरुवातीची अशी झाडं लगेच उपटून नष्ट करावीत.

माशी आणि माव्यासाठी पिवळे चिकट सापळे, फुलकिड्यांसाठी निळे. कीड थोडी असतानाच 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा, तोही पानाच्या खालच्या बाजूला. बहुतेक कीड तिथेच बसते. ढालकिडे दिसले तर थांबा, ते मावा खातात.

भेंडी एक-दोन दिवसाआड तोडावी लागते. त्यामुळे रासायनिक औषध घेताना फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, हे डब्यावर वाचाच. युरोपात भारतीय भेंडीची कीटकनाशकाच्या अंशासाठी जादा तपासणी होते. आपल्या घरच्या हंडीतली भेंडी मात्र कुणी तपासत नाही.