जुने भिंग, नवे यंत्र

छायाचित्रण हा पैसेवाल्यांचा छंद, असे आमच्याकडे अजूनही समजतात. आणि नव्या लेन्सच्या किमती पाहिल्या की तसे समजण्यात फारसे चूक आहे असेही वाटत नाही. पण एक आडवाट आहे. फिल्मच्या काळातली लेन्स आजच्या बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस, कॅमेऱ्याला जोडता येते.

माझ्या मामांचा अकोल्यास फोटो स्टुडिओ होता. तो बंद झाला तेव्हा भंगाराच्या ढिगातून मी त्यांच्या पेंटॅक्स के-१००० ची ५० मि.मी.ची लेन्स उचलून अमरावतीस आणली. हा कॅमेरा १९७६ ते १९९७ पर्यंत निघत असे. चुलतभावाजवळ सोनीची जुनी मिररलेस बॉडी होती. दोहोंची सोयरीक कशी जुळते ते पाहू.

लेन्स जिथे बसते त्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर प्रत्येक कंपनीने ठरवून टाकलेले असते. पेंटॅक्सच्या के-माउंटमध्ये ते ४५.४६ मि.मी., निकॉनच्या एफ-माउंटमध्ये ४६.५. एवढी जागा कशाला? तर मध्ये आरसा वरखाली व्हायचा. मिररलेसमध्ये आरसाच नाही, म्हणून सोनीच्या ई-माउंटला १८ मि.मी. पुरतात. उरले २७.४६. तेवढ्या लांबीची धातूची पोकळ कडी मध्ये घातली की काम झाले. हीच अडॅप्टर रिंग. तिच्यात काच नसते.

याउलट कॅननची जुनी एफडी लेन्स (४२ मि.मी.) त्यांच्याच आरसेवाल्या डिजिटल कॅमेऱ्यावर (४४ मि.मी.) साध्या कडीने चालत नाही. दोन मिलिमीटर जागा आधीच जास्त! त्यात कडीची जाडी. मग चिखलदऱ्याला उभे राहून समोरचा डोंगर स्पष्ट येणे नाही. हाताजवळचे फूल तेवढे येईल.

नवा कॅमेरा जुन्या लेन्सला ओळखत नाही. ‘लेन्स नसताना शटर चालू द्या’ हे मेनूत आधी सांगावे लागते. ॲपर्चर लेन्सवरच्या कड्याने, फोकस हाताने. मदतीला पडदा असतो: चित्र मोठे करून दाखवतो, स्पष्ट कडांना रंग देतो. सोनीचा सेन्सर फिल्मपेक्षा लहान, म्हणून ५० ची लेन्स ७५ सारखी वागते. चेहऱ्यासाठी उत्तमच.

मामांना मात्र पडद्याची गरज पडली नाही. “पोरी, ऊन पाय ना! सोळावर ने,” म्हणाले. लख्ख उन्हात ॲपर्चर १६ आणि शटर आयएसओच्या आकड्याइतके, हा त्यांचा जुना हिशेब. आयएसओ १०० ला सव्वाशेचा शटर बरोबर बसला. मग ओसरीच्या सावलीत आजीला बसवून त्यांनी दोनवर फोटो काढला. गिऱ्हाइकांचे हजारो फोटो काढणाऱ्या या माणसाच्या घरी, आधारकार्डावरचा सोडला तर, आजीचा एकटीचा फोटो नव्हता.

लग्नाच्या वरातीत हा उद्योग करू नये. नाचणारा नवरदेव फोकसची वाट पाहत थांबत नाही. लेन्स विकत घेणार असाल तर आधी बॅटरीचा उजेड आरपार टाकून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसले तर ती बुरशी. ॲपर्चरची पाती तेलकट नाहीत ना, हेही पाहावे. आपल्याकडच्या मे महिन्यात ग्रीस पातळ होऊन पसरते. आमच्या लेन्सची पाती स्वच्छ निघाली. ती आता स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असते, आणि रविवारी मामा ती मागून घेतात.