हातपायच झाले ढोल!

दोस्तांनो, श्रद्धांजलीचं संगीत म्हटलं की मंद, रडवेले सूर आठवतात ना? मग ही रचना ऐकून तुम्ही चक्रावाल. इथं वादक चक्क पाय आपटतात, टाळ्या वाजवतात आणि गातातसुद्धा!

१७ जून २०१५. अमेरिकेतलं चार्ल्स्टन शहर. इमॅन्युएल चर्चमध्ये कृष्णवर्णीय मंडळी बायबल वाचायला जमली होती. वर्णद्वेषानं पेटलेल्या एका गोऱ्या तरुणानं तिथं गोळ्या झाडल्या. नऊ जण गेले.

त्यांच्यासाठी ओमर थॉमस या संगीतकारानं 'ऑफ अवर न्यू डे बिगन' ही रचना बांधली, तीही फुंकवाद्यं आणि तालवाद्यांच्या बँडसाठी. वरातीतला बँड नव्हे हं! हे वादक खुर्च्यांवर बसून, समोर स्वरलिपी ठेवून वाजवतात. सुरुवातीला सूर दाटून येतात, हुंदकतात. पण मग ठेका उसळतो.

हा ठेका आला कुठून? याच भागात १७४० च्या कायद्यानं गुलामांच्या ढोलांवर बंदी आली होती. ढोल नाही, तर हातपाय तर आहेत! तीच रीत कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनेत टिकली.

रचनेचं नाव ज्या गीतातून घेतलंय, ते १९०० साली जॅक्सनव्हिलमधल्या ५०० शाळकरी मुलांनी पहिल्यांदा गायलं होतं. त्याची धूनही इथं भेटते.

फेब्रुवारी २०१६ मध्ये जेम्स मॅडिसन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ही रचना प्रथम वाजवली. कुठं? चार्ल्स्टनमध्येच, त्या चर्चच्याच रस्त्यावरच्या सभागृहात.