बोटीवरचा गॅस गळतो का? साबणाच्या फेसाने तपासा

बोटमालक आणि खलाशी बांधवांनो, गोव्यात ३१ जुलैला मासेमारी बंदी संपते आणि दोन महिने बंद असलेल्या बोटीवरच्या शेगड्या पुन्हा पेटतात. तोवर खाऱ्या हवेने रेग्युलेटर गंजतो, रबरी नळीला चिरा पडतात.

घरात दार-खिडकी उघडली की गॅसला बाहेर जायला वाट मिळते. बोटीत तशी वाट नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली उतरून इंजिनाजवळ तळाला साचतो. वर वास कमी येतो, पण खाली स्टार्टरची एक ठिणगी पुरते.

म्हणून समुद्रात जाण्याआधी आपण एवढं करूया:

१. शेगडीची बटणं बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा.
२. रेग्युलेटरला, सिलिंडरच्या तोंडाला आणि नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावा. बुडबुडे फुगले तर गळती आहे. काडी पेटवून कधीच बघू नका.
३. नळी ५ वर्षांनी बदला. चीर दिसली तर लगेच.

वास आला तर रेग्युलेटर बंद करा, सगळी झाकणं उघडा आणि सगळ्यांना डेकवर घ्या. इंजिन, पंप, लाइट, कुठलंच बटण दाबू नका. धक्क्यावर असाल तर बोटीपासून लांब जाऊन १९०६ ला फोन करा.

जेवण झालं की रेग्युलेटर बंद, ही सवय आपण सगळ्यांनीच लावून घेऊया.