नव्याने आलेल्याचं बीपी

भायखळ्यात राणीबागेजवळच्या मसिना हॉस्पिटलची जुनी वास्तू म्हणजे डेव्हिड ससून यांचा ‘सां सूसी’ बंगला. बगदादच्या सुभेदाराच्या जाचातून निसटून ससून १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. बंगल्याचं नाव फ्रेंच, अर्थ ‘निश्चिंत’. भायखळ्यात नव्याने येणाऱ्या माणसाला नेमकी हीच गोष्ट मिळत नाही, आणि त्याचा भार हृदयावर पडतो.

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्यामुळे अफगाणिस्तानासारख्या देशातून आलेल्या आश्रयार्थींची नोंद संयुक्त राष्ट्रांचं दिल्लीतलं कार्यालय करतं. मदनपुऱ्याच्या गाळ्यांत बॅगा शिवायला येणारी बिहार-उत्तर प्रदेशातली मुलं पोटासाठी येतात. दोघांची दुःखं एक नाहीत. पण घर सुटल्यावर शरीरात जे घडतं, ते बरंचसं सारखं असतं.

भीती वाटली की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतात. ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आक्रसतात, रक्तातली साखर वाढते. पळून जीव वाचवायला ही सोय उत्तम आहे, पण ती काही मिनिटांपुरती. कर्ज, कागदपत्रं, मागे राहिलेल्या माणसांची काळजी महिनोन्‌महिने राहिली, की वाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं आणि भिंती ताठर होतात. वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून हृदयाचा डावा कप्पा जाड होत जातो. दंडाचा स्नायू जाड झालेला चांगला, हृदयाचा नव्हे.

यात मिठाची भर पडते. गाळ्यात चूल नसते, म्हणून वडापाव, फरसाण, खानावळीचा रस्सा. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, वाहिन्यांतलं रक्त वाढतं, दाब चढतो. रात्री गाढ झोपेत दाब एरवी उतरतो. मशीनशेजारीच पथारी पसरणाऱ्याला ती झोप कुठून मिळणार? जागं राहायला मग तंबाखू. ती वाहिन्या आणखी आवळते.

तरी मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती तुटलेल्या औषधाची. गावी एखाद्याला बीपीची गोळी सुरू असते. प्रवासात केसपेपर हरवतो, स्ट्रिप संपते. अॅम्लोडिपिनसारख्या गोळीचा परिणाम हळूहळू ओसरतो, दाब वर जातो, आणि माणसाला काहीच जाणवत नाही. दुखत नाही म्हणून तो दवाखान्यात जात नाही. अॅटेनोलॉलसारखी गोळी तर एकदम थांबवली की हृदय जोरात धडधडू लागतं, छातीत दुखूही शकतं.

म्हणून मोजणं. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, शर्टाच्या बाहीवरून नाही. मोजताना बोलायचं नाही. त्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू बंद. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून जास्त वेगवेगळ्या दिवशी आला, तर तो उच्च रक्तदाब. एका दिवसाच्या आकड्याने घाबरायचं नाही. पण वरचा १८० किंवा खालचा १२० झाला आणि छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय, हात लुळा पडलाय असं काही दिसलं, तर थेट जे. जे. रुग्णालयाचा अपघात विभाग गाठायचा.

विशीतल्या मुलाचं बीपी कोण बघतो, असं म्हणू नका. महापालिकेच्या दवाखान्यांत ते मोजून मिळतं, गोळ्याही मिळतात. तुमच्या गाळ्यात, दुकानात, सोसायटीच्या गेटवर नवा माणूस लागला असेल, तर पहिल्याच आठवड्यात त्याला विचारा, “गावाला कुठली गोळी चालू होती का?” हो म्हणाला, तर जुन्या कागदाचा फोटो घरून फोनवर मागवायला सांगा आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी, पगार न कापता, द्या.