मोटारीच्या पाठीवरचा पंख

श्रोतेहो, वादळात घराचे पत्रे उडालेले तुम्ही पाहिले असतील. वारा तर आडवा वाहतो. मग पत्रा वर का जातो? छपरावरून हवा वेगाने धावते, तिथला दाब कमी होतो आणि घरातली हवा पत्र्याला खालून ढकलते. म्हणूनच आपण पत्र्यावर दगड ठेवतो.

भरधाव मोटारीचंही तसंच. इथे छप्पर पळतं, एवढाच फरक. उतरत्या पाठीची शर्यती मोटार वेगात मागून हलकी होऊ लागते. वेग दुप्पट झाला की ही उचल चौपट होते. चाकांची पकड ढिली पडली, मग वळणावर मोटार आवरत नाही. 1998 साली निघालेल्या ऑडी टीटी मोटारीला आधी मागे पंख नव्हता. जर्मनीत भर वेगात अपघात झाले, माणसे दगावली. त्यानंतर कंपनीने विकलेल्या मोटारी परत बोलावून त्यांना पंख बसवला आणि इतरही दुरुस्त्या केल्या.

या पंखाला स्पॉयलर म्हणतात. 1989 साली आलेल्या पोर्श 911 मध्ये तो ताशी 80 किलोमीटरला आपोआप वर येतो आणि वेग बराच उतरल्यावर खाली बसतो. दोन्हींचा वेग एकच का ठेवला नाही? तसं केलं, तर ऐंशीच्या आसपास चालणाऱ्या मोटारीचा पंख सारखा वरखाली करत बसेल!

आता यातलं वायरिंग बघू. वेग मोजणारं यंत्र नियंत्रकाला खबर देतं. नियंत्रक बारीक तारेतून रिलेला हुकूम देतो, आणि रिले बॅटरीचा जाड प्रवाह विजेच्या मोटरला जोडतो. मोटरची दोन टोकं अदलाबदल केली की ती उलटी फिरते. म्हणून हुकूम दोन: एक ‘वर’चा, एक ‘खाली’चा.

काही हौशी मालकांना पंख उभ्या मोटारीतही वरच हवा असतो. मग ते वायरिंगला हात घालतात. साधारण रचना अशीच असेल, तर एक सोपी युक्ती आहे. मोटारीचा वायरिंगचा नकाशा आधी पाहावा, बॅटरी सोडवावी आणि फक्त ‘खाली’च्या बारीक तारेत एक बटण घालावं. बटण बंद केलं की वर आलेला पंख वरच राहतो. ‘वर’च्या तारेला मात्र शिवायचं नाही. असं का? उद्या ते बटण बिघडलं, तर फार तर पंख वर राहील. त्याने जीव जाणार नाही. पण ‘वर’च्या तारेतलं बटण बिघडलं, तर भर वेगात पंख वर येणारच नाही.

शिक्षकबंधूंनो, हा धडा मोटारीपुरता नाही. आमच्या गावी एका शेतकऱ्याच्या पंपाचा फ्यूज वारंवार जाई. कंटाळून त्याने त्यात जाड तार घातली. फ्यूज जायचा थांबला, पण आठवड्याने पंपाची मोटर जळाली. फ्यूज काय किंवा धोक्याचा दिवा काय, ते आपल्याला छळत नसतात, सावध करत असतात. वर्गात एक विजेरी, एक दिवा नि दोन बटणं घेऊन मुलांना एवढंच विचारा: यातलं कोणतं बटण बिघडलेलं आपल्याला चालेल? हे ज्याला आधी सुचतं, त्याच्याच हाती पक्कड द्यावी.