घरी वारली, शाळेत मराठी

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरचं वारली मूल घरात वारली बोलतं. प्रमाण मराठी त्याला शाळेत भेटते. गुजरात सीमेला लागूनच, त्यामुळे बाजारहाटात गुजरातीही कानावर पडते.

या भाषा मनात सारख्या खोल रुजतीलच असं नाही. भावना उसळली की तळहाताला किंचित घाम सुटतो आणि त्वचेतून वीज अधिक सहज वाहते. हेच मोजून कॅथरीन हॅरिस व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तुर्की-इंग्रजी द्वैभाषिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी खाल्लेली दटावणी मातृभाषेत ऐकताना प्रतिसाद ठळकपणे वाढत होता. तीच इंग्रजीत बोथट ठरली.

शिकागोच्या बोआझ केसार यांना २०१२ मध्ये आढळलं, की परभाषेत निर्णय घेताना माणसं नफ्या-तोट्याच्या शब्दरचनेला कमी भुलतात. वारली-मराठीसारख्या सख्ख्या भाषांत असंच घडतं का, हे तपासण्यासारखं आहे.

शिक्षकांसाठी मात्र पहिला निष्कर्षच मोलाचा. पहिलीतल्या पोराला धीर द्यायचा, तर तो वारलीतून द्यावा. याच डहाणू तालुक्यात ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीनं गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही भरल्या.