हरवलेली आठवण क्षणभर परतते तेव्हा

विझताना दिवा मोठा होतो, असे आपल्याकडे म्हणतात. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या घरी याचा कधीकधी शब्दशः प्रत्यय येतो. दोन-दोन वर्षे मुलाला न ओळखणारे वडील एखाद्या सकाळी त्याला नावाने हाक मारतात, नातवाची चौकशी करतात. घरात आनंदीआनंद होतो. ‘बाबा बरे झाले’ म्हणून गोळ्याही बंद केल्या जातात. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत पूर्वीचीच स्थिती येते आणि घरची माणसे खचून जातात.

हा चमत्कार नव्हे, भासही नव्हे. जर्मन संशोधक मायकेल नाम यांनी २००९ साली याला ‘टर्मिनल ल्युसिडिटी’, म्हणजे मृत्यूपूर्वी येणारी शुद्ध, असे नाव दिले. मात्र अशी शुद्ध दर वेळी मृत्यूचीच सूचना असते असे नाही. म्हणून ‘पॅराडॉक्सिकल ल्युसिडिटी’, म्हणजे अनपेक्षित शुद्ध, असाही शब्द आता वापरतात.

हे कशामुळे होते, याचे नेमके उत्तर शास्त्राला अजून सापडलेले नाही. अल्झायमर या आजारात मेंदूच्या पेशी हळूहळू मरतात व त्या पुन्हा जिवंत होत नाहीत. तरीही माणूस ओळख देतो, याचा अर्थ सगळ्याच आठवणी पुसल्या गेल्या नसाव्यात. कपाटातले सामान शाबूत आहे, किल्ली तेवढी सापडत नाही, असा काहीसा प्रकार.

पण सुधारणेचे कारण अनेकदा साधेही असते. माझ्याकडील एक निवृत्त गृहस्थ पंधरा दिवसांत एकाएकी फारच भ्रमिष्ट झाले. ‘आजार वाढला’ असे घरच्यांनी गृहीत धरले. लघवी तपासली तेव्हा जंतुसंसर्ग निघाला. उपचारानंतर ते मुलीला पुन्हा ओळखू लागले. मूळ विस्मरण राहिले, वरची भर तेवढी उतरली. बद्धकोष्ठ, शरीरातील पाणी कमी होणे, झोपेच्या गोळ्या यांनीही असा गोंधळ वाढतो. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे विकार, पडल्यामुळे डोक्यात साचलेले रक्त यांवर तर उपाय आहेत. म्हणून ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देऊ नये.

वाचकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) सुधारणा दिसली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषधे बंद करू नयेत.

२) ‘मला ओळखलंत का?’ अशी परीक्षा घेत बसू नये. शेजारी बसावे, हात हातात घ्यावा, त्यांना बोलू द्यावे. दूरच्या मुलांना फोन लावून द्यावा.

३) बदल केव्हा झाला, किती वेळ टिकला, त्या दिवशी कोणती औषधे दिली होती, याची नोंद ठेवावी.

४) कागदावर सही-अंगठा घेण्याची घाई करू नये. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार एरवी भान नसलेली व्यक्ती शुद्धीच्या काळात मृत्युपत्र करू शकते. पण ती शुद्धीत होती हे पुढे सिद्ध करावे लागते. त्यावरून भावाभावांत कोर्टकचेरी होते. आजाराच्या सुरुवातीलाच वकील व डॉक्टरांच्या सल्ल्याने ही कामे उरकावीत.

सर्वांत महत्त्वाचे, ‘आमची सेवा कमी पडली म्हणून ते पुन्हा विसरले’ असा बोल स्वतःला लावू नये. ती शुद्ध कोणी आणलेली नसते आणि कोणाच्या चुकीने जातही नाही. मिळालेला तासभर वेळ त्यांच्याजवळ घालवावा.